त्रेसष्टचे छत्तीस

भाईंदर पश्चिमेला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीचे ऑफिस आहे. दिवसा तिथे मेंटेनन्सच्या पावत्या फाडल्या जातात आणि पाण्याच्या टँकरवरून भांडणे होतात. संध्याकाळी साडेसहा ते सात मी तिथे मुलांची उजळणी घेते. मी शिक्षिका नाही. नोकरीची सारी वर्षे पोस्टाच्या खिडकीमागे गेली. निवृत्त झाल्यावर २०१६ साली शेजारच्या दोन मुलांना पाढे म्हणायला बसवले आणि त्याचा हळूहळू वर्ग झाला. आजूबाजूच्या इमारतींतली, मागच्या चाळीतली मुले येतात. कोणी मराठी शाळेतले, कोणी हिंदी, कोणी गुजराती, कोणी इंग्रजी. फी नाही, त्यामुळे कोणी बांधीलही नाही. ‘आजी म्हणा’ असे मी अनेकदा सांगून पाहिले. पण जिच्यासमोर पाटी घेऊन बसायचे ती ‘टीचर’, हा मुलांचा कायदा.

या लेखाचे मूळ माझ्या एका वहीत आहे. पहिली दोन वर्षे मी त्या वहीत फक्त हजेरी लिहीत असे. पुढे चुका लिहू लागले: कोणी कोणत्या दिवशी काय चुकले, एवढेच. ही सवय खिडकीवरची. मनीऑर्डरच्या फॉर्मवर रक्कम आकडी आणि अक्षरी दोन्ही लिहावी लागे, आणि दोहोंचा मेळ बसला नाही की फॉर्म परत करायचा. असे परत केलेले फॉर्म किती पाहिले असतील! त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. अक्षरी ‘त्रेसष्ट’ आणि आकडी ३६. मोठी, कमावती माणसे. मी तेव्हा त्याला निष्काळजीपणा म्हणत असे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक मुलगा वर्गात आला. पाचवीतला. नाव इथे देत नाही. त्याची आई घरी बसून इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवते. वडील स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याच्या कामावर. आईने येतानाच सांगितले, ‘टीचर, याला भागाकार येतच नाही. शाळेत म्हणतात, डोक्यातच शिरत नाही.’ मी तोंडी गणित घातले: त्रेसष्टला सातने भाग. त्याने पाटीवर ३६ लिहिले, खाली रेघ मारली, सात पंचे पस्तीस म्हणत भागाकार ५, बाकी १ अशी नीट काढली आणि पाटी माझ्यासमोर धरली.

पाटी हातात घेऊन मी जरा वेळ गप्प बसले. उत्तर चूक होते, पण भागाकार बरोबर होता. ज्याला भागाकार येत नाही असे सगळे म्हणत होते त्याला तो येत होता. चुकत होते ते त्याआधीचे काहीतरी.

तुम्ही म्हणाल, परीक्षेत तर गणित आकड्यांत छापलेले असते, ऐकून कुठे लिहायचे? खरे आहे. पण पाढे आपण आकड्यांत पाठ करत नाही, कानाने करतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला कागदावर ४५६ भागिले ७ असे लिहून दिले. पंचेचाळिसात सात किती वेळा? तो बरोबर पुटपुटला: सात सक बेचाळीस. आणि पंचेचाळिसाखाली त्याने लिहिले २४. वजाबाकी केली, २१ उरले. बाकी भाजकापेक्षा मोठी कशी, या विचाराने तो थबकला, मग खोडरबर घेऊन सगळेच पुसून टाकले. मोठ्या भागाकारात प्रत्येक पायरीला हेच घडते. गुणाकार कानातून येतो आणि हाताने मांडायचा असतो. कान आणि हात यांच्यामधल्या वाटेवर आकडा उलटा होत असेल, तर पाढे कितीही पक्के असले तरी गणित मोडते. उलट पाढा जितका पक्का तितकी चूक अधिक आत्मविश्वासाने होते.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून निघणारा ‘असर’ अहवाल बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. तो ग्रामीण भागाचा असतो, आमच्या भाईंदरचा त्यात समावेश नाही. पण त्यातली भागाकाराची कसोटी हीच आहे: तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. २०२४च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना ती जमली. दहांत सात मुलांना भागाकार येत नाही, असे आपण त्यावरून म्हणतो. त्या पाटीनंतर मला हे वाक्य पूर्वीइतक्या सहजपणे म्हणता येत नाही. सातांपैकी प्रत्येकाचे काय अडले आहे हे अहवालाला कळणार नाही, ते त्याचे कामही नाही. ते पाटीशेजारी बसणाऱ्याचे काम.

आता मराठी संख्यानामांकडे वळू. इंग्रजीत शंभरापर्यंत मोजायला २८ शब्द पुरतात: वनपासून ट्वेंटीपर्यंत वीस, मग थर्टी ते नाइंटी सात, आणि हंड्रेड. चिनी भाषेत अकरा शब्दांत काम भागते. बारा म्हणजे ‘दहा दोन’, त्रेसष्ट म्हणजे ‘सहा दहा तीन’. १९९५मध्ये अमेरिकी आणि चिनी बालवयीन मुलांची तुलना करणारे एक संशोधन प्रसिद्ध झाले. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले जवळपास सारखी होती; फरक पडू लागला तो दहाच्या पुढे, जिथे इंग्रजी नावे अनियमित होतात तिथे. इंग्रजीच्या त्या नऊ-दहा अवघड नावांनी एवढा फरक पडत असेल, तर आपल्याकडे शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे.

स्वतंत्र म्हणजे कुठूनही आलेले नव्हे. संस्कृतातल्या द्वाविंशति, त्रिषष्टि अशा जोडनावांची हजार-दीड हजार वर्षे झीज होऊन बावीस, त्रेसष्ट झाली. पण त्या झिजेत जोड दिसेनासा झाला. ‘दोन’चे घराणे पाहा: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. नऊ नावांत ‘दोन’ एकदाही ऐकू येत नाही. उरतो तो फक्त ‘ब’. तीच गोष्ट दशकांची. पन्नास कधी ‘वन्न’ होतो, कधी ‘पन्न’. साठचा ‘सष्ट’ होतो, सत्तरचा ‘हत्तर’, नव्वदचा ‘ण्णव’. त्यात एकोण आहेच. एकोणसाठ ऐकले की मुलाच्या कानावर पडतो तो एक आणि साठ. तो ६१ लिहितो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काहीच नाही. आणखी एक अडचण म्हणजे क्रम. बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. ‘त्रे’ कानावर पडताच हात तीन लिहून मोकळा होतो.

हिंदी आणि गुजराती माध्यमातल्या मुलांची कथा फार वेगळी नाही, कारण त्या भाषांची नावेही त्याच खाणीतली. आमच्या वर्गात मात्र एक जादा गुंता असतो: घरी एक भाषा, शाळेत दुसरी, स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारात तिसरी. इंग्रजी शाळेतली मुले तर भाजीवाल्याने ‘पंचावन्न’ म्हटले की आईच्या तोंडाकडे पाहतात.

जून २०१९मधला गदारोळ आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीने ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी ‘गणितगप्पा’, ‘गणिताच्या सोप्या वाटा’ अशी पुस्तके लिहिणाऱ्या. आपल्या संख्यानामांत जोडाक्षरे फार आहेत, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा आहे, आणि त्यामुळे लहान मुलांना गणिताची धास्ती बसते, असे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे रद्द केलेली नव्हती. पण मराठी बुडाली अशी हाकाटी झाली, आडनावांवरून विनोद झाले, विषय विधिमंडळापर्यंत गेला. जुलै २०२३मध्ये नारळीकर बाईंचे निधन झाले तेव्हा अनेक मृत्युलेखांत या वादाचाच उल्लेख अधिक होता, याचे मला वाईट वाटले.

कबूल केले पाहिजे की २०१९मध्ये मी विरोधकांत होते. सोसायटीच्या जिन्यात उभी राहून मी मोठमोठ्याने म्हटले होते, ‘आम्ही नाही का शिकलो?’ शिकलो होतो, हे खरे. पण माझ्या वर्गातल्या किती मुली चौथीनंतर पुढे आल्या नाहीत, आणि त्यांतल्या कितीजणींना ‘डोक्यात शिरत नाही’ असे म्हटले गेले होते, याचा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. आणि पोस्टातले ते परत केलेले फॉर्मही मला त्या वेळी आठवले नाहीत.

असा बदल जगात प्रथमच होत होता असेही नाही. नॉर्वेत पूर्वी ‘तीन आणि साठ’ असे म्हणत. १९५१मध्ये तिथल्या संसदेच्या निर्णयाने ‘साठ तीन’ ही पद्धत अधिकृत झाली. टेलिफोन क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्यानंतरही तिथे लोकांच्या बोलण्यात दोन्ही पद्धती नांदल्या, आणि भाषा जिवंत राहिली. जर्मन माणसे तर आजही ‘तीन आणि साठ’च म्हणतात. फरक एवढाच की त्यांना तीनही ऐकू येतो आणि साठही. ‘त्रेसष्ट’मध्ये दोन्ही लपलेले.

मी आता दोन्ही वापरते. कानासाठी त्रेसष्ट, हातासाठी साठ तीन. मी म्हणते ‘त्रेसष्ट’, मुले मोठ्याने म्हणतात ‘साठ तीन’, मग लिहितात. इतकेच. महिन्या-दीड महिन्याने मधले शब्द आपोआप ओठांतल्या ओठांत जातात, पुढे तेही थांबतात. आणि आम्ही संख्या एक ते शंभर अशा आडव्या म्हणत नाही, घराण्याने म्हणतो. सोमवारी ‘ब’चे घराणे, मंगळवारी ‘त्रे’चे, बुधवारी ‘चौ’चे. एकदा एका मुलीने विचारले, ‘टीचर, बाराखडीसारखंच आहे का हे?’ मला वाटते, तिने माझ्यापेक्षा सोपे करून सांगितले.

पण युक्ती सापडणे ही एक गोष्ट आणि ती अंगी मुरणे ही दुसरी. २०१९च्या साऱ्या वादात एक प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही: नाव कोणतेही असो, मूल ते रोज किती वेळ म्हणणार आहे?

आपल्याकडे याचे उत्तर पूर्वी घराघरात होते. दिवेलागणीला शुभंकरोति झाले की परवचा. पाढे तिसापर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. पावकी म्हणजे पावाचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनचा. हा केवळ पाठांतराचा हव्यास नव्हता. सोळा आण्यांचा रुपया, चार पावशेरांचा शेर, चाळीस शेरांचा मण, अशा जगात पाव आणि पाऊण यांशिवाय दुकानदाराचे पानही हलत नसे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले, आणि औटकीचा व्यवहारातला आधार निघून गेला. आमच्या मजल्यावरच्या गुजराती आजींना त्यांच्या शाळेतली ‘ऊंठां’ अजून पाठ आहेत. ऊंठां म्हणजे आपली औटकीच. गुजरातीत ‘ऊंठां भणाववां’ याचा अर्थ एखाद्याला फसवणे असाही होतो, हे त्यांनीच मला हसत सांगितले. साडेतीनचा पाढा येणारा आणि न येणारा यांच्यातल्या व्यवहाराचा सगळा इतिहास त्या दोन शब्दांत आला.

पावकी परत आणा असे मी म्हणत नाही. परवचाचे दोन गुण मात्र मला हवे आहेत: तो थोडा होता आणि रोज होता. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्ये स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या माळा तो स्वतःच पाठ करी आणि किती खेपा लागल्या ते मोजी. त्याला असे आढळले की एका दिवसात ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा होतो, तेवढाच फायदा तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्याने होतो. माणूस एकच, तोही स्वतःच प्रयोग करणारा, म्हणून शंका घेता येईल. पण नंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा खरा ठरला आहे. परीक्षेच्या आदल्या रविवारी तीन तास बसवणाऱ्या पालकांना मी हे दोन आकडे सांगते. ते मान डोलावतात आणि रविवारी तीन तास बसवतात.

परवचाचा दोष दुसरा. तो नेहमी क्रमाने म्हटला जाई. ‘सात आठे किती?’ विचारले की मूल सात एके सातपासून गाडी सोडते आणि मधल्या प्रत्येक स्टेशनावर थांबत छप्पन्नला पोहोचते. आमच्या लाइनीवरच्या स्लो लोकलसारखे. पहिली दोन वर्षे माझ्या वर्गात हेच चालू होते. सूर छान लागे, जिन्यातून जाणारे कौतुक करत, मला अभिमान वाटे. मग एका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात मी चिठ्ठ्या टाकल्या. एक पाढ्याची, एक वजाबाकीची, एक संख्यानामाची, सगळ्या सरमिसळ. वर्गाचा सूर त्या दिवशी बिघडला तो बिघडलाच. मुले जास्त चुकू लागली. दोन पालकांनी येऊन सांगितले की पूर्वीचेच बरे होते.

मलाही तसे वाटू लागले होते. त्या दिवसांत मुलीने मला एका अमेरिकी प्रयोगाची माहिती काढून दिली. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७मध्ये तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एकाच प्रकारची गणिते ओळीने दिली, दुसऱ्याला सरमिसळ. सरावाच्या वेळी ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या गटाची २० टक्के, दुसऱ्याची ६३. सराव गोड वाटला तो टिकला नाही. अडखळत झाला तो टिकला. अर्थात ते मोठे विद्यार्थी आणि आमची तिसरी-चौथीची. पण डबा मी काढून टाकला नाही.

अडखळत केलेला सराव टिकतो हे खरे असले, तरी नऊ वर्षांच्या मुलाने रोज येऊन अडखळायचे कशासाठी? चिकाटी हवी, असे आपण म्हणून जातो. पण ती मुलाच्या अंगात आधीपासून असावी अशी आपली अपेक्षा असते. माझा अनुभव असा की पुढे काय होते ते पाहावेसे वाटले तरच मूल चिकटून बसते. हातच्याच्या वजाबाकीला सगळे कंटाळत. तिथे मला मदत झाली ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची.

कापरेकर आमच्या पश्चिम रेल्वेच्या लाइनीवरचेच म्हणायचे. १९०५ साली त्यांचा जन्म डहाणूचा. पुढे नाशिकजवळ देवळालीला त्यांनी १९३० ते १९६२ शाळेत शिकवले. साधे शाळामास्तर, पण आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिले. हयातीत इथल्या अनेक विद्वानांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. १९७५मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांचे नाव कळले. त्यांना सापडलेला खेळ असा: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या, चढत्या क्रमाने दुसरी. मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचे पुन्हा तसेच. उदाहरणार्थ ३५२४. आधी ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ला तीच क्रिया करा, पुन्हा ६१७४च येते. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचता.

एक पान वजाबाक्या द्या म्हटले की तोंडे पडणारी मुले या खेळात आपणहून पंधरा-पंधरा वजाबाक्या करतात. कोणाची संख्या सर्वांत लांबून येते याची पैज लागते. मला वाटले होते की यात चूक आपोआप पकडली जाईल. चुकले तर ६१७४ येणारच नाही. तसे नाही. एका मुलीची दुसरी पायरी साफ चुकली होती, तरी ती शेवटी ६१७४वर पोहोचली. का, ते विचार केल्यावर कळले. चुकून आलेली संख्याही शेवटी चार अंकी संख्याच. तिथून नवा प्रवास सुरू होतो आणि तोही त्याच मुक्कामाला येतो. म्हणून आम्ही आणखी एक तपासणी जोडली. तेच अंक उलटसुलट मांडून केलेल्या वजाबाकीचे उत्तर नेहमी नऊच्या पाढ्यातले असते, म्हणजे त्याच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७. तीन, शून्य, आठ, सात: अठरा. बरोबर. हातचा द्यायला विसरले की ही बेरीज बिघडते. आता मुले मला विचारत नाहीत, बेरीज करून पाहतात आणि गुपचूप खोडतात. नऊ वर्षांत मला मिळालेला सर्वांत मोठा आराम हाच.

भागाकाराच्या त्या मुलाला मात्र खेळाचे वेड नव्हते. त्याची हुशारी वेगळीकडे होती. खडे चिकटवण्याच्या कामाचा हिशेब ग्रोसवर चालतो. एक ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४. शेठकडून माल आणायचा, मोजायचा, पैसे घ्यायचे हे सारे तो आईबरोबर करी. मी एकदा विचारले, ‘साडेतीन ग्रोस म्हणजे किती रे?’ क्षणभर छताकडे पाहून म्हणाला, ‘पाचशे चार.’ औटकीचे नावही न ऐकलेला मुलगा. मी म्हटले, लिही. त्याने लिहिले ५००४.

ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा १९८५मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर. तेच हिशेब कागदावर आकडेमोड म्हणून दिले की ३७ टक्के. मुले होती फक्त पाच. पण २०२५च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा लेख आला, त्यात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले होती. निष्कर्ष त्याच दिशेचा. बाजारातली मुले गुंतागुंतीचे तोंडी हिशेब करत आणि शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितांत अडखळत. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुले नेमकी उलट. ग्रोसचा हिशेब आणि वहीतला भागाकार ही एकाच मुलाच्या डोक्यातली दोन बेटे होती, मध्ये होडी नव्हती.

मी वेगळे काही केले नाही. रोज त्याच्या आईच्या कामाचा एक हिशेब तो आधी तोंडी करी, मग ‘पाचशे, शून्य दशक, चार’ असे म्हणून लिही, मग त्याचा भागाकार मांडी. दहा मिनिटे. बाकीची दहा मिनिटे घराणी आणि डब्यातल्या चिठ्ठ्या. डिसेंबरात तो आठवडाभर आला नाही. लग्नसराईचा माल आला होता. जानेवारीत पुन्हा ३६ लिहू लागला. असे दोनदा झाले. वहीत त्या दिवसांसमोर मी नुसती रेघ मारली आहे.

महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट पुन्हा आली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. एप्रिलमध्ये तो गणितात नापास झाला. आई निकालाचा कागद घेऊन आली, मला काही बोलली नाही. मलाही बोलता आले नाही. नंतर तिने सांगितले की पुन्हा पाचवीत बसावे लागले तर त्याचे वडील त्याला कामावर घेऊन जायचे म्हणत होते.

मे महिन्यात ते गावी निघाले. मी बिस्किटांचा डबा त्याला दिला. जूनमध्ये पुनर्परीक्षेच्या आधी तो परतला, डबा घेऊनच. चिठ्ठ्या मोजल्या. बऱ्याच हरवल्या होत्या, पण एकूण संख्या भरली, कारण हरवलेल्यांच्या जागी त्याने वहीचे कागद फाडून नव्या टाकल्या होत्या. एका बाजूला नाव, मागे आकडा. नाव्हीसारख्या निळ्या पेनाने, मोठ्या अक्षरांत. एका चिठ्ठीवर ‘त्रेसष्ट’ लिहून खोडले होते आणि पुन्हा ‘त्रेसष्ट’च लिहिले होते. मागे ६३.

पुनर्परीक्षेत तो पास झाला. किती गुणांनी, ते मी विचारले नाही.

आता तो मोठ्या वर्गात गेला आहे आणि क्वचितच येतो. क्रिकेट आहे, मोबाइल आहे, आईचे काम आहे. त्याची दुसरीतली बहीण मात्र रोज येते. मागच्या आठवड्यात ‘एकोण’चे घराणे चालू होते: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. आणि मग तिने ठणकावून म्हटले, ‘एकोणशंभर.’ मी म्हटले, नव्व्याण्णव. ती म्हणाली, ‘पण का?’ शेजारी बसलेल्या हिंदी शाळेतल्या मुलाने लगेच सांगितले की त्यांच्यात ८९सुद्धा नवासी असते, उन्नब्बे नाही. गुजराती मुलगी म्हणाली, आमच्यातही नेव्यासी. म्हणजे त्या दोन भाषा नव्वदीच्या उंबरठ्यावरच नियम सोडतात, आणि मराठी शंभराच्या.

घरी येऊन पुस्तके काढली. संस्कृतात दोन्ही वाटा आहेत: नवनवति आणि एकोनशतम्, तसेच नवाशीति आणि एकोननवति. ८९ला मराठीने एक वाट धरली, हिंदी-गुजरातीने दुसरी. ९९ला तिघीही एकाच वाटेने गेल्या. दुसऱ्या दिवशी मी हे तिला जमेल तसे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि डब्यात एक चिठ्ठी टाकली. एका बाजूला ९९, दुसऱ्या बाजूला दोन नावे: वर नव्व्याण्णव, आणि खाली, कंसात, एकोणशंभर.